विश्लेषण : यादीत वीस ठिकाणे, सुटी सहा दिवसांची, पुढचा प्रवास कुठे, हे कसे ठरवायचे?

पुणे, सोलापूर, कोल्हापूर, बेंगळूरुकडे जाणाऱ्या बहुतेक मेल-एक्स्प्रेस बदलापूर स्थानकातून न थांबता पुढे निघून जातात. बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीतल्या रहिवाशाला त्याच गाडीत बसायचे असेल, तर आधी रिक्षाने स्थानक, मग लोकलने उलट दिशेला कल्याण आणि तिथून ती गाडी पकडून पुन्हा बदलापूरवरूनच पुढे, असा फेरा पडतो. मोबाइलमधल्या ‘फिरायला जायचंय’ या यादीत हा फेरा कुठेच लिहिलेला नसतो. तिथे फक्त नावे असतात. काश्मीर, केदारनाथ, लडाख, केरळ, हंपी, काशी, ताडोबा, मालवण, अंदमान. रील पाहिली की एक नाव वाढते, ऑफिसातला कुणी जाऊन आला की दुसरे.

यादी वाढत राहते आणि सुटी मात्र तेवढीच. खासगी नोकरीत सलग सहा-सात दिवसांची रजा वर्षातून एकदा मिळाली तरी नशीब. त्यामुळे यंदा कुठे, हा प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही. वर्षाची रजा, साठवलेले पैसे आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र असण्याचे दिवस, असे तिन्ही त्यात लागलेले असते.

यादी लांबली की निर्णय का अडतो?

निवडीच्या गोंधळावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग जॅमच्या बाटल्यांचा आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या संशोधकांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात कधी २४ प्रकारचे, तर कधी फक्त ६ प्रकारचे जॅम चवीला ठेवले. चोवीस प्रकारांपाशी जास्त लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच खरेदी केली. सहा प्रकारांपाशी हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. पुढच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पर्याय जास्त असले की माणूस नेहमीच अडतो, असे नाही. पर्याय एकमेकांशी तुलना करता येण्यासारखे नसतील आणि आपल्याला काय हवे तेच ठरलेले नसेल, तेव्हा तो हमखास अडतो. लडाख आणि मालवण यांची तुलना नेमकी अशी आहे.

अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी यावर साधा मार्ग सांगितला होता. सर्वोत्तम शोधत बसू नका. ‘पुरेसे चांगले’ म्हणजे काय ते आधी ठरवा आणि त्यात बसणारा पर्याय दिसला की घ्या. मुलीसाठी स्थळ पाहणाऱ्या आपल्याकडच्या आजोबांना हे नोबेलशिवायही ठाऊक होते. प्रवासाच्या बाबतीत मात्र ‘पुरेसे चांगले’ ठरवायला काही ठोस मोजमापे लागतात. पहिले मोजमाप तासांचे.

अंतर किलोमीटरमध्ये नको, दारापासूनच्या तासांत मोजा

नकाशावरचे अंतर फसवे असते. मांजर्लीहून निघणाऱ्यासाठी खरा प्रश्न असा, की घराला कुलूप लावल्यापासून पहिल्या मुक्कामी पिशव्या ठेवेपर्यंत किती तास? यात स्थानकापर्यंतची रिक्षा, लोकल, कल्याणच्या फलाटावरची वाट पाहणे, गाडी उशिरा येणे आणि शेवटच्या स्थानकापासून हॉटेलपर्यंतचा प्रवास, सगळे धरायचे.

इथे दिशेनुसार मोठा फरक पडतो. नाशिक, मनमाड, भुसावळमार्गे उत्तरेकडे किंवा मराठवाड्याकडे जायचे तर कल्याण हे हक्काचे स्थानक. छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी तपोवन एक्स्प्रेस आणि वंदे भारत तिथे थांबतात. दक्षिणेकडच्या अनेक गाड्याही कल्याणलाच मिळतात. कोकणाचे गणित वेगळे आहे. नकाशावर कोकण जवळ दिसते, पण कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या ठाण्याहून दिवा, पनवेलमार्गे वळतात, कल्याणला येत नाहीत. त्यामुळे बदलापूरकराला ठाणे किंवा पनवेल गाठावे लागते, नाहीतर दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी. राजस्थान-गुजरातच्या बहुतांश गाड्या पश्चिम रेल्वेवरून सुटतात. सामान, मुले आणि आई-वडील यांच्यासह आधी वांद्रे किंवा बोरिवली गाठायचे म्हणजे प्रवासाआधीचा एक प्रवासच. विमानाने जाणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झालेले नवी मुंबई विमानतळ बदलापूरला मुंबईच्या विमानतळापेक्षा सोयीचे आहे. पण हवे ते थेट उड्डाण तिथून आहे का, हे तिकीट काढताना पाहावे लागेल.

जाण्या-येण्याचे असे सगळे तास एकत्र करा आणि एकूण सुटीच्या तासांशी ताडून पाहा. सहा दिवस म्हणजे १४४ तास. त्यातले साठ तास प्रवासात जाणार असतील, तर ते ठिकाण सहा दिवसांचे नाहीच. ते नऊ दिवसांच्या सुटीसाठी राखून ठेवायचे. यादीतून ते खोडायचे नाही, फक्त दुसऱ्या रकान्यात सरकवायचे. हा एक बदल केला, तरी वीसची यादी आठ-दहावर येते.

कोणत्या महिन्यात निघताय?

दुसरी चाळण महिन्याची. इथे हौसेला फारसा वाव नाही, कारण ठिकाणांची स्वतःची वेळापत्रके असतात. कासचे पठार फुलते ते साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. दिवाळीच्या सुटीत तिथे गेलात तर वाळलेले गवत पाहून परत याल. ताडोबाचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असते आणि ऑक्टोबरमध्ये उघडते. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. केदारनाथचे दरवाजे परंपरेने भाऊबीजेला बंद होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा उघडतात. केरळमध्ये जूनचा पाऊस सगळ्यांना ठाऊक असतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही परतीचा पाऊस असतो, हे अनेकांना तिथे छत्री विकत घेताना कळते.

आठवड्याचे वारही तपासायचे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी आणि ताजमहाल शुक्रवारी. शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडसुटी धरून संभाजीनगरला जाणाऱ्याने अजिंठा रविवारपर्यंत उरकून सोमवार वेरूळला ठेवला नाही, तर दीडशे-दोनशे किलोमीटरची जा-ये बंद दारापाशी संपते.

मांजर्लीकरांसाठी जुलै-ऑगस्टचा वेगळाच मुद्दा आहे. उल्हास नदी फुगली की मांजर्ली, हेंद्रेपाडा, वालिवली या भागांत पाणी शिरण्याची भीती असते. तळमजल्यावरचे घर बंद करून याच आठवड्यांत आठ दिवस बाहेर राहायचे, तर फ्रिज आणि कागदपत्रांची कपाटे उंचावर ठेवणारा कुणीतरी शेजारी लागतो. २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती. सुमारे हजारभर प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिकांनी बोटींतून बाहेर काढले. हा भाग पाहिलेल्यांना ‘पावसाळी पर्यटन’ या शब्दाला दुसरी बाजू आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. कोंडेश्वरसारख्या जवळच्या धबधब्यांवरही पावसाळ्यात अनेकदा प्रशासनाचा मनाई आदेश असतो.

पैसे : लांबचा प्रवास छोटा करू नका

खर्चाचे दोन भाग पाडले की चित्र स्पष्ट होते. जाण्या-येण्याचा खर्च एकदाच होतो, राहण्या-खाण्याचा रोज. समजा, चौघांच्या कुटुंबाचा लांबच्या ठिकाणी जाण्या-येण्याचा खर्च २४ हजार आणि रोजचा खर्च ६ हजार आहे. तीन दिवस राहिले तर एकूण ४२ हजार, म्हणजे दिवसाला १४ हजार. सहा दिवस राहिले तर ६० हजार, म्हणजे दिवसाला १० हजार. तिकडे जवळच्या ठिकाणचा जाण्या-येण्याचा खर्च ४ हजारच असेल, तर तीन दिवसांचे २२ हजार होतात. थोडक्यात, लांबचे ठिकाण तीन दिवसांत उरकणे हा सर्वांत महागडा पर्याय ठरतो.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी एलटीसी हा निर्णयाचा मोठा भाग असतो. चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कुठेही जाण्याचा प्रवासखर्च मिळू शकतो. सध्याचा गट २०२६ ते २०२९ असा आहे. ही सवलत महाबळेश्वरवर खर्च करण्यात अर्थ नाही. यादीतले सर्वांत लांबचे आणि एरवी परवडणार नाही असे नाव तिच्यासाठी बाजूला काढून ठेवावे.

जोखमीचे काय?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यात महाराष्ट्रातील सहा जण होते आणि त्यातले तिघे डोंबिवलीचे. बदलापूरहून लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावरचे शहर. त्यानंतर काश्मीरमधली ४८ पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली, ठरलेल्या सहली रद्द झाल्या आणि पैसे परत मिळण्यावरून अनेकांचे वाद झाले.

त्यानंतर काश्मीर यादीतून खोडायचे की ठेवायचे, हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न आहे. कुणी भरीला घालू नये आणि कुणी हिणवूही नये. पण व्यवहाराचा भाग सगळ्याच ठिकाणांना लागू पडतो. भूस्खलन, पूर, संप, आजारपण, काहीही होऊ शकते. त्यामुळे हॉटेल आणि टूर कंपनीच्या रद्द करण्याच्या अटी पैसे भरण्याआधी वाचायच्या. निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केले, तर परतावा मिळत नाही. ज्या ठिकाणाविषयी घरातल्या एकाच्याही मनात भीती आहे, तिथे पैसे परत न मिळणारी बुकिंग करू नये.

गुणतक्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही

एवढ्या चाळण्यांतून साधारण तीन-चार नावे उरतात. आता एक्सेलची हौस असलेला घरातला माणूस गुणतक्ता मांडतो. प्रत्येक निकषाला वजन आणि प्रत्येक ठिकाणाला दहापैकी गुण. पद्धत चांगली आहे, फक्त तिच्या हातात शेवटचा निर्णय द्यायचा नाही. का, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू.

समजा, मांजर्लीत राहणारे एक कुटुंब आहे. नोकरी करणारे पती-पत्नी, नववीतली मुलगी आणि ६८ वर्षांच्या आजी. नोव्हेंबर २०२६ मध्ये दिवाळीनंतर सहा दिवस मोकळे आहेत. केदारनाथ बंद झालेले असेल. लडाखची थंडी आजींना झेपणारी नाही. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे पहिले एक-दोन दिवस नुसती विश्रांती घ्यावी लागते. अंदमान बजेटबाहेर. उरले मालवण, हंपी आणि काशी.

खर्चाला ३० टक्के वजन, प्रवासाच्या तासांना २५, सगळ्यांच्या आवडीला २५ आणि हवामानाला २०. मालवणला अनुक्रमे ८, ८, ७, ९ गुण दिले, तर सरासरी येते ७.९५. हंपीला ६, ५, ७, ९ दिले तर ६.६. काशीला ६, ४, ८, ८ दिले तर ६.४. तक्ता म्हणतो मालवण, आणि तेही दणदणीत फरकाने.

पण या तक्त्यात एक रकानाच नाही. कोणते ठिकाण थांबू शकते आणि कोणते नाही?

मालवण थांबू शकते. रात्री निघून सकाळी कुडाळला उतरता येते, त्यामुळे पुढच्या एखाद्या जोडसुटीतही जमेल. हंपीचे दगडी रथाचे मंदिर शतकानुशतके उभे आहे, मुलगी कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींबरोबरही पाहील. काशीचे तसे नाही. काशीला जायचे आहे ते मुख्यतः आजींना. आज त्या घाटाच्या पायऱ्या धरून-धरून का होईना उतरू शकतात. पुढच्या दिवाळीत मुलगी दहावीत असेल आणि राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे ती दिवाळी क्लास आणि सराव परीक्षांत जाणार. त्यानंतरच्या दिवाळीत आजी सत्तरीत असतील. ‘पुढच्या वर्षी नक्की’ या वाक्याचा अर्थ त्यांच्या बाबतीत दोन वर्षे असा होतो.

या दृष्टीने पाहिले की क्रम उलटतो. सर्वांत कमी गुण मिळवणारे ठिकाण यंदाचे ठरते, कारण त्याची मुदत सर्वांत आधी संपते. मुदत अनेक प्रकारची असू शकते. वडिलांचे गुडघे, मुलाचे अर्धे तिकीट लागण्याचे वय, परदेशी जाणारी बहीण, पासपोर्टची संपणारी वैधता. गुण देताना आपण ‘किती आवडेल’ एवढेच विचारतो. मुदत विचारायला एकच प्रश्न पुरतो: यंदा नाही गेलो, तर पुन्हा कधी आणि कोणाबरोबर जमेल?

आणखी एक गोष्ट. अशी यादी बहुतेक घरांत एकाच्या फोनमध्ये असते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा असला तरी नोट्स उघडता येत नाहीत, त्यांचे ठिकाण त्यात आलेलेच नसते. आजी ‘मला काय, तुम्ही न्याल तिथे’ म्हणतात आणि विषय संपतो. तो तिथे संपवू नये. दोनदा विचारले की एखादे नाव निघते, आणि ते बहुधा इन्स्टाग्रामवरचे नसते.

चाळणीतून दोन नावे अगदी बरोबरीने उरली, तर नाणे उडवायला हरकत नाही. छापा पडल्यावर मन खट्टू झाले, तर उत्तर काट्यात आहे असे समजावे. टूर कंपनीबरोबर जायचे की स्वतः, हा प्रश्न मात्र ठिकाण ठरल्यावरचा. पोहे, उपमा आणि वरण-भाताची सोय, सोबत मराठी बोलणारे लोक, ज्येष्ठांची काळजी हे समूह सहलीचे खरे फायदे आहेत. पण अनेक घरांत कंपनीच्या माहितीपत्रकात जे पान आधी उघडले तेच ठिकाण ठरते. मग यादी करण्याचे कष्ट तरी कशाला?

लवकर ठरवण्याचा फायदा

नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांवर केलेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. सुटीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले, पण ते सुटीच्या आधी. परत आल्यानंतर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. अपवाद होता तो सुटी अगदी निवांत गेली असे सांगणाऱ्यांचा. आनंदाचा मोठा वाटा वाट पाहण्यात आहे, असा त्याचा अर्थ लावता येतो. शेवटच्या आठवड्यात तत्काळ तिकिटासाठी धडपडणारा माणूस हा वाटा गमावतो.

रेल्वेचे नियमही लवकर ठरवणाऱ्याच्या बाजूने आहेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. आरक्षण सकाळी ८ वाजता सुरू होते. पहिल्या दिवशी ऑनलाइन तिकीट काढायचे तर आयआरसीटीसीचे खाते आधारशी पडताळलेले असावे लागते. हे काम आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी करून ठेवावे. तत्काळचे आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी १० वाजता आणि इतरांसाठी ११ वाजता उघडते. ऑनलाइन तत्काळसाठीही आधार पडताळणी लागतेच.

वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने काशी ठरवली, तर त्यांचे वेळापत्रक असे होईल. कल्याणहून वाराणसीला जाणारी महानगरी एक्स्प्रेस मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते. भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे. त्या रात्री जेवून निघायचे असले, तरी तिकिटावर तारीख १२ नोव्हेंबर हवी. मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांबाबत ही चूक दर सुटीत होते, आणि ती फलाटावर उभे राहिल्यावर कळते. बदलापूरहून लोकल मात्र बारा वाजायच्या आतच पकडायची, कारण त्या वेळी आजी आणि चार पिशव्या घेऊन शेवटच्या लोकलच्या भरवशावर राहणे योग्य नाही. गाडीत एक दिवसाहून अधिक वेळ जातो. त्यामुळे जाताना रेल्वे आणि येताना विमान असे केले, तर घाटावरचा एक दिवस वाढतो. देवदिवाळी कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे २४ नोव्हेंबरला आहे. त्या सुमारास वाराणसीत खोल्या मिळणे अवघड होते. त्याआधी, १७ तारखेपर्यंत परतणाऱ्यांना ती अडचण येणार नाही.

१२ नोव्हेंबरच्या गाडीचे आरक्षण उघडेल १३ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी आहे. मखराच्या दिव्यांची माळ लावायचे काम त्या सकाळी पंधरा मिनिटे दुसऱ्या कुणाकडे द्यावे लागेल. तिकिटात आजींसाठी खालचा बर्थ मागायला विसरू नये.